समुद्राच्या वेळापत्रकाने

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

किनाऱ्याची पायवाट परवा एका दिवसात चालून झाली. बेत २० किलोमीटरांचा होता, प्रत्यक्षात २३ झाले. ते जादा तीन कसे पदरात पडले हे फोनवर सांगू लागले असते, तर आई, तू मला मध्येच थांबवले असतेस. म्हणून हे पत्र.

पौर्णिमेला दोन दिवस झाले होते, म्हणजे उधाण ऐन जोरात. सकाळी ९ वाजता पूर्ण ओहोटी होती, त्यामुळे ७ लाच निघून पुळणीचा लांब पट्टा पाण्यालगतच्या ओल्या वाळूवरून पार केला. कोरड्या वाळूत पाय रुततात आणि उतारावरून चालले की एकच घोटा दुखू लागतो. ओली वाळू मात्र घट्ट आणि बरीचशी सपाट असते. पुढे वाट कड्यावर चढली. बाबा, क्षितिज किती लांब असते, असे तुम्ही मला एकदा विचारले होते. पुळणीवर उभ्या माणसाला ते सुमारे साडेचार किलोमीटरांवर दिसते, ५० मीटर उंचीवरून सुमारे २५ किलोमीटरांवर. हे गणित ठाऊक असूनही मी तिथे नुसती बघत बसून राहिले, आणि ती बैठक नडली.

११ वाजता वरून पाहिले, तेव्हा कड्याखालचा पुढचा पट्टा चांगला रुंद होता. दोन तासांत पाणी एवढेच चढले, तर पुढच्या दोन तासांतही तेवढेच चढेल, असा हिशेब मी केला. भरती मात्र एकसारखी चढत नाही. सहा तासांपैकी पहिल्या दोन तासांत ती साधारण पाव भरते आणि मधल्या दोन तासांत निम्मी. १ वाजता खाली उतरले, तर टोकाला वळसा घालणारी वाट लाटांखाली गेलेली. पाणी गुडघाभरच वाटत होते, पण एका बाजूला उभा कडा आणि दुसऱ्या बाजूने चढते पाणी असताना पुढे जायचे नाही, एवढे शहाणपण शिल्लक होते. आल्या वाटेने परत चढून वरून फेरा घेतला. दुपारी खारे वारे सुटल्यामुळे ऊन जाणवले नाही. मान तेवढी भाजली.

आई, कड्याचा चढ तुझ्या गुडघ्यांना झेपणार नाही, परंतु पुळणीचा पट्टा तुम्ही दोघे सहज चालाल. येत्या अष्टमीला या. तेव्हा भांग असते, म्हणजे उधाणाच्या उलट, सौम्य भरती-ओहोटी; पाणी फार वर येत नाही. ओहोटी रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे त्या दिवशी ती दुपारी २ च्या सुमारास असेल. साडेबाराला निघू, छत्री बाबांनी धरावी.

तुमची लेक