निकाली कुस्ती वेगळी, प्रदर्शनी वेगळी: क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

यात्रेच्या मैदानात एक नंबरच्या जोडीवर लाखांची बोली लागते, हलगी कडाडते, निवेदक घसा ताणतो आणि अर्ध्या तासाने कुस्ती बरोबरीत सुटते. इनाम निम्मेनिम्मे. लोक घरी जाताना म्हणतात, नुरा होती, म्हणजे आधीच ठरवून केलेली लुटुपुटूची. (हा शब्द विधिमंडळात आपल्याही कानावर रोज पडत असेल.)

नुरा जाणकाराला पाच मिनिटांत कळते. माना भिडलेल्या असतात, पण मनगटाला ओढ नसते. पट काढणाऱ्याच्या कवेत पाय येतो, तरी तो उचलत नाही. समोरचाही कंबर मागे फेकून पाय सोडवायला धडपडत नाही. कब्जा मिळाला, म्हणजे समोरचा पकडीत आला, तरी घिस्सा, मोळी असा चीत करणारा डाव नाही, नुसती मान दाबणे. डाव रंगात येतोसा वाटला की दोघे मातीच्या हौदाच्या कडेला सरकतात आणि पंच पुन्हा मध्ये आणतो.

यात पैलवानाला दोष देणे सोपे आहे. चैत्र-वैशाखात मैदाने एकापाठोपाठ एक असतात. एका ठिकाणी गुडघा गेला की अख्खा हंगाम गेला, आणि बदाम, तूप, दुधाचा खुराक मात्र बारा महिने चालूच. इनाम जिंकले काय, बरोबरीत सोडवले काय, हाती निम्मे येणारच असेल तर अंग कोण झिजवेल? शिवाय मातीत वेळ काढणाऱ्याला शिक्षा नाही. गादीवर, म्हणजे मॅटवरच्या स्पर्धेत, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात. निष्क्रिय पैलवानाला 30 सेकंद मिळतात आणि तेवढ्यात गुण घेता आला नाही तर समोरच्याला गुण जातो.

आमची मागणी प्रदर्शनी कुस्ती, म्हणजे करमणुकीसाठी ठरवून केलेली, बंद करा अशी नाही. दारासिंगांनी 1968 मध्ये मुंबईत अमेरिकन पैलवान लू थेझला हरवले, ती फ्री स्टाइल कुस्ती लोकांनी डोक्यावर घेतलीच होती. अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक कुस्ती कंपनीने 1989 मध्ये न्यू जर्सी सरकारपुढे मान्य केले की आपल्या लढती मनोरंजन आहेत. क्रीडा नियमनातून सुटका हवी होती, म्हणून. तरी प्रेक्षक काही आटले नाहीत. आपल्याकडेही ज्यांना प्रदर्शनी कुस्ती लावायची त्यांनी लावावी, पत्रकावर तसे छापावे. लोकांना फसवून निकालीच्या, म्हणजे खऱ्या हार-जितीच्या, नावाखाली मात्र नको.

ज्या मैदानाला शासनाचा किंवा ग्रामपंचायतीचा पैसा मिळतो, तिथे इनामाचे दोन भाग करावेत. 40 टक्के मानधन, जोड मातीत उतरली की दोघांत समान. उरलेले 60 टक्के फक्त विजेत्याला. 25 मिनिटांत चितपट झाली नाही तर पाच मिनिटे गुणांवर, पहिला गुण घेईल तो विजयी. तेवढ्यातही निकाल लागला नाही तर ही रक्कम त्याच मैदानातल्या लहान वजनाच्या निकाली कुस्त्यांना द्यावी. नारळावर आणि रेवड्यांवर खेळणारी ती पोरे हातचे राखून लढत नाहीत.

आणि माती. बऱ्याच ठिकाणी सकाळी ट्रॉलीभर मुरूम ओततात, वरून गुलाल उधळला की झाला हौद. खाली जमीन दगडासारखी. खांदा निखळतो तो इथे. माती चाळलेली तांबडी हवी, किमान फूटभर खोल, आदल्या रात्री पाणी मारून पहाटे उकरलेली. हळद, लिंबू, ताक, तेल हे त्यानंतरचे. खडे राहिले तर हळदीने पाठ वाचत नाही. डॉक्टर आणि रुग्णवाहिका जागेवर असल्याशिवाय पहिली जोड सोडू नये, आणि नोंदवलेल्या प्रत्येक पैलवानाचा हंगामापुरता विमा शासनाने उतरवावा. गुडघ्याचा खर्च कोण करणार हे ठरल्याशिवाय वरचा 60-40 चा हिशेब कागदावरच राहील.

यात्रा कमिट्या जोडी माघातच ठरवू लागतात. परिपत्रक त्याआधी गावात पोहोचायला हवे. पाडव्याला आले तर इनामे बोलून झालेली असतील.

आपले,
मैदानांवर पंच व वस्ताद म्हणून काम करणारे काहीजण