पिस्तूल निवडायला शिकवणाऱ्या ताईंस

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

पत्र उघडं लिहिते आहे. आभार तुमचे आहेत, पण त्यातला मजकूर इथल्या बऱ्याच मराठी बायकांच्या उपयोगाचा आहे. ह्यूस्टनच्या आसपास स्वतःचं दुकान किंवा दवाखाना चालवणाऱ्या, रात्री कुलूप लावून एकट्या गाडीपर्यंत चालत जाणाऱ्या मैत्रिणी मंडळाच्या कार्यक्रमात मला बाजूला घेऊन विचारतात, "तू कुठलं घेतलंस गं?" मी नाव सांगितलं की दुसऱ्या दिवशी त्या तेच घेऊन येतील, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. तुम्ही मला तसं करू दिलं नव्हतं. मी किती वेळा विचारलं तरी तुम्ही नाव सांगितलं नाहीत, प्रश्न विचारत राहिलात. ते प्रश्न त्यांच्यापर्यंतही पोहोचावेत. तुमचं नाव मात्र लिहीत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. माझी फार्मसी कुठल्या मोठ्या साखळीतली नाही, गावाच्या टोकाला आहे. कपाटात ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन अशी अफूच्या जातीची तीव्र वेदनाशामकं असतात, आणि ज्यांना त्यांची चटक लागली आहे त्यांना ती कुठे मिळतील हे पक्कं ठाऊक असतं. शेजारच्या गावात एका फार्मसीवर बंदूक रोखून दरोडा पडला, तेव्हा मी पिस्तूल घ्यायचं ठरवलं. शस्त्रांच्या एका दुकानात गेले. काउंटरवरच्या माणसानं माझ्याकडे एक नजर टाकली आणि काहीही न विचारता एक इवलंसं रिव्हॉल्व्हर पुढे ठेवलं. पॉइंट ३८ स्पेशल, पाच गोळ्यांचं, जेमतेम चारशे ग्रॅमचं. बायकांना हेच बरं पडतं, पर्समध्ये राहतं, म्हणाला. मी तुम्हाला फोटो पाठवला. लगेच तुमचा फोन आला, "पैसे देऊ नकोस अजून. शनिवारी ये, आधी तुझा हात बघू."

आणि तुम्ही खरोखरच आधी हात पाहिलात. आयुष्यभर बाटल्यांची झाकणं फिरवून माझ्या अंगठ्याच्या मुळाशी दुखतं, ते तुम्ही दाबून पाहिलंत. पकड नीट घेतल्यावर तर्जनी चापावर सरळ पोहोचते का, की हात वाकडा करून पोहोचवावी लागते, ते पाहिलंत. दोन्ही पंजांची छोटी खिडकी करून भिंतीवरचं घड्याळ पाहायला लावलंत, तेव्हा कळलं की मी उजव्या हाताची असले तरी नेम धरताना माझा डावा डोळा पुढे सरसावतो. मग चष्मा. चाळिशी लागल्यापासून नळीच्या टोकावरचं साइट, म्हणजे नेम धरायची खूण, मला धूसर दिसतं, हे कुणाला सांगायची गोष्ट आहे असं मला वाटलंच नव्हतं. तुम्ही लाल ठिपक्याचं ऑप्टिक लावलेलं पिस्तूल हातात दिलंत. त्यात नजर लक्ष्यावरच ठेवायची असते, ठिपका आपोआप तिथे दिसतो.

त्या इवल्याशा रिव्हॉल्व्हरबद्दल तुम्ही जे समजावलंत, ते प्रत्येक बाईला काउंटरपाशी जाण्याआधी माहीत असायला हवं. छोटं म्हणजे सोपं, हा समज साफ चुकीचा आहे. वजन जितकं कमी, तितका त्याच गोळीचा झटका हाताला जास्त बसतो. त्या रिव्हॉल्व्हरचा चाप ओढायला पाच किलोच्या आसपास जोर लागतो, आणि एवढा जोर लावताना नळी हलते. नळी दोन इंचांहूनही थोडी कमी, त्यामुळे पुढच्या-मागच्या साइटमध्ये अंतर कमी आणि नेमातली बारीकशी चूकही पुढे मोठी होते. मुरलेल्या नेमबाजाचं ते हत्यार आहे, आणि नेमकं तेच नवख्या बायकांच्या हातात देतात. तुम्ही हे चिडून सांगितलंत. तुमचा तो राग मला फार आधार देऊन गेला.

त्यानंतर तुम्ही तो प्रश्न विचारलात. हा परिच्छेद मी मुलाला विचारून लिहिते आहे. तो म्हणाला, जरूर लिही.

"घरात कोण कोण असतं? कुणाचं मन बरं नाही असं आहे का?"

माझा मुलगा तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षाला होता आणि महिनोन्‌महिने खोलीबाहेर येत नव्हता. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं शस्त्र लागेल असं ठेवणं हा टेक्सासमध्ये गुन्हा आहे. माझा मुलगा त्या वयाच्या पुढे गेला होता, कायद्याला त्याच्याबद्दल काही म्हणायचं नव्हतं. तुम्हाला म्हणायचं होतं. तुम्ही अनेक वर्षं इमर्जन्सीत नर्स होतात. अमेरिकेत बंदुकीनं होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात, आणि इतर मार्गांनी केलेल्या प्रयत्नांतून बहुतेक माणसं वाचतात तसं बंदुकीच्या बाबतीत होत नाही, हे तुम्ही शांतपणे सांगितलंत. "आत्ता नाही," म्हणालात. "तिजोरीत ठेवूनसुद्धा नाही. मुलं आकडे शोधून काढतात."

पिस्तूल विकायला, शिकवायला उत्सुक असलेली माणसं इथे पावलोपावली भेटतात. नको म्हणणाऱ्या मला तुम्ही एकट्याच भेटलात. आणि नको म्हणून थांबला नाहीत. तुम्ही माझ्या दुकानात आलात, मागच्या दाराचा दिवा बदलायला लावलात, गाडी दारासमोर उभी करायला सांगितलीत. मोठ्या साखळ्यांच्या फार्मसीत असते तशी उशिरा उघडणारी तिजोरी मी घेतली. आकडा दाबल्यावरही ती बराच वेळ उघडत नाही, आणि तसं दारावर ठळक लिहिलेलं असतं. मुलासाठी डॉक्टर शोधताना तुम्ही सोबत होतात. ९८८ हा आत्महत्येचे विचार येणाऱ्यांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर आमच्या फ्रिजवर तुमच्याच अक्षरात चिकटवलेला आहे. तो सावरला, कॉलेजला गेला, तिथे रमला. त्यानंतर बऱ्याच काळानं, त्याच्याशी बोलून, आपण पुन्हा पिस्तुलाकडे वळलो.

रेंजवर तुम्ही भाड्याची पिस्तुलं एकेक करून हातात दिलीत. रुगर एलसीपी खिशात मावतं, पावकिलोच्या जरा वर भरतं. दोन मॅगझिनमध्ये, म्हणजे गोळ्यांच्या दोन पेट्या संपेपर्यंत, माझा अंगठा ठणकायला लागला. ग्लॉक १९ चालवायला फार छान. मॅगझिनमध्ये १५ गोळ्या, पण माझ्या ठेंगण्या अंगावर कुर्त्याखालून त्याची मूठ सरळ दिसत होती. सिग सॉवरचं पी ३६५, जे २०१८ मध्ये आलं, ते सर्वांत छान लपलं. अर्धा किलोचं पिस्तूल आणि मॅगझिनमध्ये दहा गोळ्या! त्याच्यावर माझं मन बसलं होतं. पण स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे घ्यायला स्प्रिंग ताठ. तुम्ही युक्ती शिकवलीत, की बोटांच्या चिमटीनं ओढायचं नाही. स्लाइड पंजानं वरून घट्ट धरायची आणि पिस्तूल पुढे ढकलायचं. सुरुवातीला जमलं, शेवटाला हात थकल्यावर जमेना. तुम्ही एवढंच म्हणालात, "थकलेल्या हातानं जे जमतं, ते तुझं."

ते स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझेड निघालं. त्याची स्लाइड मुद्दाम हलकी केली आहे, मॅगझिन भरायला बाजूला बटण आहे, आणि मूठ पुरती आवळली नाही तर ते चालतच नाही. आकारानं पी ३६५ पेक्षा मोठं आहे, गोळ्या आठच. कित्येक जाणकार त्यावर नाक मुरडतील. माझ्या सांध्यांसाठी ते योग्य आहे. मैत्रिणींनो, तुमच्या हातांसाठी ते योग्य असेलच असं नाही, म्हणून एवढं सगळं लिहिलं. वापरलेलं घेणार असाल तर सिरियल नंबर कंपनीकडे तपासून घ्या. २०२० मध्ये मार्च ते ऑक्टोबरमध्ये बनलेल्या ९ मिलिमीटरच्या ईझेडमधली काही पिस्तुलं हॅमरच्या दोषामुळे परत बोलावली होती. हेही तुम्हीच सांगितलंत.

ईझेड पॉइंट ३८० या कमी जोराच्या गोळीसाठीही मिळतं, त्याचा झटका आणखी कमी. मग मी ९ मिलिमीटरचंच का घ्यायचं, हे विचारल्यावर तुम्ही मायामीची गोष्ट सांगितलीत. ११ एप्रिल १९८६ ला तिथल्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले. हल्लेखोराला लागलेली एक गोळी हृदयापर्यंत पोहोचण्याआधीच थांबली होती. त्यानंतर एफबीआयनं गोळ्या जिलेटिनच्या ठोकळ्यात तपासायची पद्धत बसवली आणि निदान १२ इंच आत जावी, पण १८ च्या पुढे नको, असा दंडक घातला. आधी ते मोठ्या गोळ्यांकडे गेले, मग हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळ असलेल्या, गोळ्या सुधारल्यावर पुन्हा ९ मिलिमीटरवर आले. पॉइंट ३८० मध्ये फुलणारी गोळी पुष्कळदा तेवढी आत जात नाही. हॉलो पॉइंट आत जाऊन फुलते, त्यामुळे आरपार जाऊन मागच्या निरपराध माणसाला लागण्याची भीती कमी. सरावाला साध्या गोळ्या, जवळ बाळगायला हॉलो पॉइंट. पण त्याही आधी आपल्याच पिस्तुलातून झाडून पाहायच्या, अडकत नाहीत याची खात्री करायची.

कपड्यांबद्दल कुठल्याही अमेरिकन शिक्षकानं मला काही सांगितलं नसतं. सलवारीची नाडी होल्स्टरचं, म्हणजे कमरेला लावायच्या पिस्तुलाच्या म्यानाचं, वजन पेलत नाही, पिस्तूल लोंबतं आणि कलंडतं. म्हणून कुर्त्याखाली जीन्स आणि ताठ पट्टा. होल्स्टर कायडेक्स या टणक प्लास्टिकचं, चापावर पूर्ण झाकण असलेलं. नुसत्या मऊ कापडी पट्ट्यात पिस्तूल कधीच नाही. वरून माझा पांढरा कोट, म्हणजे काहीच दिसत नाही. साडी नेसायची त्या दिवशी पिस्तूल घरी, तिजोरीत. पर्समध्ये तर नाहीच. २०१४ च्या डिसेंबरात आयडाहोत एका आईच्या पर्समधलं पिस्तूल तिच्याच दोन वर्षांच्या बाळाच्या हाती लागलं आणि ती गेली. पर्स खास त्यासाठीच बनवलेली होती. हे सांगताना तुमचा आवाज बदलला होता.

कायद्याचा वर्ग तुम्ही टाळू दिला नाहीत. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये २१ वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं, मग कशाला, असं मी विचारलं होतं. तुम्ही नकाशा काढलात. शाळेच्या आवारापासून हजार फुटांच्या आत परवान्याशिवाय शस्त्र नेणं संघराज्य कायद्यानं अडचणीचं ठरू शकतं, आणि माझ्या दुकानाच्या रस्त्यावरच शाळा आहे. परवान्याच्या परीक्षेच्या ५० गोळ्या ३, ७ आणि १५ यार्डांवरून झाडल्या. २५० पैकी १७५ गुण पुरतात, पण तुम्ही तेवढ्यावर समाधान मानलं नाहीत. दारावरच्या पाट्या ओळखायला शिकवलंत: ३०.०६ म्हणजे परवाना असला तरी लपवलेलं पिस्तूल आत आणायचं नाही, आणि ५१ टक्के म्हणजे मुख्यतः दारूवर चालणारी जागा, तिथेही नाही. आपल्या मंडळाचा गणेशोत्सव शाळेच्या सभागृहात असतो, तिथे पिस्तूल नेणं गुन्हा आहे, हे इथल्या कितीतरी जणांच्या ध्यानातही येत नाही.

सर्वांत शेवटी तुम्ही विचारलंत की ते कशासाठी. मी म्हटलं, दुकानासाठी. रात्रीच्या चोरीत मालमत्ता वाचवायला टेक्सासचा कायदा काही परिस्थितीत प्राणघातक बळही वापरू देतो, हे तुम्हीच वर्गात शिकवता. तरी तुम्ही म्हणालात, "औषधं मागितली तर देऊन टाक. त्यांचा विमा आहे. हे फक्त तुझ्या आणि तुझ्या मुलीसारख्या त्या काउंटरवरच्या पोरीच्या जिवासाठी, आणि पळायला वाट नसेल तेव्हाच." माझ्या दुकानातल्या सगळ्यांना मी हे शब्दशः सांगितलं आहे.

ताई, तुमच्यामुळे माझ्या घरात पिस्तूल उशिरा आलं. माझा मुलगा सुट्टीत घरी येतो, स्वयंपाकघरात गाणं म्हणत चहा करतो, तेव्हा मला त्या उशिराचं मोल कळतं. यासाठी आभार हा शब्द अपुरा आहे, पण दुसरा माझ्याकडे नाही.

पुढच्या महिन्यात दोघींना घेऊन येते आहे. एकीचा हात माझ्याहूनही लहान आहे, तिच्यासाठी ईझेड आणि पी ३६५ दोन्ही काढून ठेवा. दुसरी एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून, आहे. अशा व्हिसावर शिकारीच्या परवान्यासारखा अपवाद नसेल तर पिस्तूल विकत घेणं तर सोडाच, हातात धरणंही कायद्यात बसत नाही, हे तिला सांगून ठेवलं आहे. ती फक्त तुमच्या वर्गात बसेल आणि दिवे, कुलुपं, तिजोरी यांबद्दल विचारेल. तिच्या नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं काम चालू आहे, तोवर तिला तेवढंच पुरे. तुमच्या नागपूरची संत्रा बर्फी माझ्याकडे आली आहे, ती घेऊन येते.

तुमची,
फार्मसीवाली