नक्षीचे पेटंट म्हणजे पकडीचे पेटंट नव्हे

महोदय,

टायरच्या नव्या नक्षीची डिझाइन-नोंदणी झाली की बातमीला अनेकदा ‘ओल्या रस्त्यावर घट्ट पकड घेणाऱ्या टायरला पेटंट’ अशा धर्तीचा मथळा मिळतो. तो चुकीचा आहे. या नोंदणीत पकड तपासलीच जात नाही. संरक्षण मिळते ते निव्वळ दिसण्याला. अमेरिकेतील डिझाइन पेटंटात दावा, म्हणजे संरक्षण कशाला हवे ते सांगणारे विधान, एकच आणि तोही एका वाक्याचा असतो. बाकी सारे आकृत्यांवर. मुदत तिथे मंजुरीपासून 15 वर्षे, तर भारतात 10 आणि मुदतवाढ घेतल्यास आणखी 5. पाणी कसे बाहेर फेकले जाते हे राखून ठेवायचे असेल, तर तांत्रिक पेटंटाचा अर्ज निराळा करावा लागतो.

सगळी भिस्त आकृत्यांवर, आणि गफलतीही तिथेच. अखंड रेषेने काढलेले सारे दाव्यात धरले जाते. टायरच्या बाजूवरची अक्षरे किंवा रिम अखंड रेषेत काढली, तर नक्षी जशीच्या तशी उचलून फक्त बाजू बदलणाऱ्याला पळवाट मिळते. ते भाग तुटक रेषेतच हवेत. तिरप्या आकृतीत चार उभे चर आणि समोरच्या आकृतीत पाच, असाही घोळ होतो. अर्ज दाखल झाल्यावर नवा तपशील घालता येत नसल्याने तो निस्तरणे अवघड जाते. उंचसखलपणा दाखवणाऱ्या छायारेषा नसतील तर रबराचा उंच ठोकळा कुठला आणि खोलगट चर कुठला, हे कळत नाही. ठोकळ्यांवरच्या बारीक चिरा जेमतेम मिलिमीटरभर किंवा त्याहून अरुंद असतात. पूर्ण टायरच्या आकृतीत त्यांची काळी पट्टी होते, म्हणून एका तुकड्याची मोठी आकृती जोडावी.

सर्वांत दुर्लक्षित बाब ठोकळ्यांच्या लांबीची. सगळे ठोकळे एकाच लांबीचे असले तर रस्त्यावर त्यांचे ठोके ठरावीक अंतराने पडतात आणि टायर एका सुरात घुमू लागतो. त्यामुळे वेगवेगळ्या लांबीचे ठोकळे मुद्दाम विस्कटलेल्या क्रमाने बसवतात. आकृतीत मात्र सोयीसाठी एकच ठोकळा गिरवून ‘हीच नक्षी परिघभर’ असे लिहिले, तर कागदावरचा टायर आणि विकला जाणारा टायर तंतोतंत जुळत नाहीत.

आकार केवळ कार्यामुळेच ठरला असेल तर तो डिझाइन म्हणून टिकत नाही. तितकेच पाणी काढणाऱ्या इतर नक्षी शक्य आहेत, हे दाखवणे हा त्यावरचा चांगला बचाव. पण जाहिरात विभाग नेमका उलटा वागतो: ‘या तिरप्या चरांमुळेच पाणी झटपट निघते’ असे छापतो आणि प्रतिपक्षाच्या हाती आयता पुरावा देतो! अर्जाआधी प्रदर्शनात टायर मांडण्याची हौसही महागात पडते. अमेरिकेत त्यानंतर वर्षभराची सवलत आहे. भारतात सरकारने अधिसूचित केलेले प्रदर्शन आणि नोंदणी कार्यालयाला पूर्वसूचना या अटी पाळल्या नाहीत, तर नावीन्यच संपते.

शिवाय आकृती असते कोऱ्या टायरची. मोटारीच्या टायरला नवेपणी साधारण 8 मिलिमीटर खोल चर असतात, झीजदर्शक पट्टी 1.6 मिलिमीटरवर उघडी पडते, आणि बऱ्याच चिरा चराइतक्या खोल नसल्याने त्याआधीच पुसल्या जातात. नक्कल झाली की नाही, हे ठरवताना वापरलेला टायर आकृतीशेजारी ठेवून उपयोग नाही. दोन्ही कोरेच हवेत.

— टायर-आरेखनाशी संबंधित वाचक