आयोवाहून घरी : शेतावरचा बॅटरी-रेडिओ

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

मी खुशाल आहे. फावल्या वेळात शेतावरचा एक जुना बॅटरी-रेडिओ दुरुस्त करतोय, त्याला नव्वद व्होल्ट लागतात. आई, ते ऐकून घाबरू नकोस. १९३५ च्या सुमारास अमेरिकेत दहांतल्या जेमतेम एका शेतघरात वीज होती, म्हणून शेतकऱ्यांचे रेडिओ बॅटरीवरच चालायचे. चटका बसू शकतो हे खरं, पण मी एक हात खिशात ठेवूनच मीटर लावतो. जेवणही वेळेवर होतं.

बाबा, आता तुमच्यासाठी. संच १९४० च्या आसपासचा, चार व्हॉल्व्हचा (काचेच्या रेडिओ-नळ्यांचा): १ए७जीटी, १एन५जीटी, १एच५जीटी आणि आउटपुटला १ए५जीटी. प्रत्येकाचं फिलामेंट, म्हणजे आतली तापणारी बारीक तार, १.४ व्होल्ट, ५० मिलिअँपिअर. फिलामेंट तापवणाऱ्या ए बॅटरीच्या जागी दोन मोठे डी सेल समांतर जोडले. नव्वद व्होल्टच्या बी बॅटरीसाठी ९ व्होल्टच्या दहा एकापुढे एक. जपायचं ते व्हॉल्व्हला. तारांवरचं रबर भुगा होऊन गळतं, बीची तार एच्या तारेला टेकते आणि चारही फिलामेंट क्षणात जातात. म्हणून आधी तारा बदलायच्या, मग व्हॉल्व्ह न बसवताच बॅटऱ्या जोडून प्रत्येक सॉकेटच्या २ आणि ७ नंबरच्या पिनांमध्ये दीड व्होल्टच आहे ना ते पाहायचं. तुमच्या काट्याच्या मीटरच्या सर्वांत खालच्या ओहम रेंजवर फिलामेंट तपासू नका. तेवढ्या करंटनंही ती जळू शकते.

मेणकागदाचे कंडेन्सर सगळेच काढायचे, मायकाचे राहू द्यायचे. सगळ्यात आधी १एच५ च्या प्लेटकडून (जिथून आवाजाचा सिग्नल बाहेर पडतो) १ए५ च्या ग्रिडला (जिथे तो आत जातो) जाणारा. त्यातून करंट गळू लागला की ग्रिड पॉझिटिव्ह होते, आवाज फाटतो आणि बी बॅटरी भराभर उतरते. तिथे ०.०१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा फिल्म कंडेन्सर बसतो. बी निगेटिव्ह आणि चासी (धातूचा सांगाडा) यांच्यामध्ये काही शे ओहमचा रेझिस्टन्स असतो, बायस, म्हणजे ग्रिडला लागणारं निगेटिव्ह व्होल्टेज, त्यावरच मिळतो. म्हणून बी निगेटिव्ह थेट चासीला जोडायची नाही. पहिल्यांदा चालू करताना बीच्या तारेत मीटर हवाच. दहा-बारा मिलिअँपिअर ठीक. काटा पंचवीसकडे निघाला तर लगेच बंद.

इथल्या जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांची एक रीत मात्र सांगायलाच हवी. नवा कंडेन्सर सरळ लावत नाहीत. जुन्याची पुठ्ठ्याची नळी गरम करून आतला गाभा ओढून काढतात, पोकळीत नवा बसवतात आणि टोकं पुन्हा मेणानं बंद करतात. चासी उलटी केल्याशिवाय हे कुणाला दिसत नाही, वेळ मात्र दुप्पट जातो. तरी मला ते पटलं. पुढे उघडणाऱ्याला कारखान्यातली मांडणी जशीच्या तशी दिसते, आणि नळीवर छापलेला मायक्रोफॅरडचा आकडा वाचून सर्किट समजतं.

बाबा, खर्चाचं विचारलंत. हे सगळं माझ्या वरखर्चातून चाललंय, घरच्या पैशाला हात लावलेला नाही. या महिन्याचे पैसे पाठवलेत. छपराचं काम थांबलं तरी चालेल, पण आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आता पुढे ढकलू नका. तेव्हा मी तिथे असायला हवं होतं.

ताईच्या साखरपुड्याला येता येणार नाही. रजा लग्नासाठी राखून ठेवली आहे, तिला रागवू नको म्हणावं. माझ्यासाठी पाठवलेला फोटो पाहिला. मुलगी चांगली वाटते, पण तिला स्वतःला इथे यायचंय का, हे तिलाच विचारा. ते कळल्याशिवाय त्यांना शब्द देऊ नका.

तुमचा,
बाळू