अण्णा, तुमचा दाब दाराच्या चौकटीला टेकलाय

पुणे, रविवार दुपार

तीर्थरूप आई-अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर अण्णांच्या रक्तदाबाचा विषय काढला की अण्णा "हं, हं" करतात आणि "घे, आईशी बोल" म्हणून फोन तिच्या हातात देतात. म्हणून हे पत्र. आई, तू त्यांना मोठ्याने वाचून दाखव. चष्मा सापडत नाही ही सबब या वेळी चालणार नाही.

अण्णा, धाकट्याने सांगितलं की दाबाची गोळी तुम्ही वीस दिवस घेतलीत आणि बंद केलीत. का, तर "कुठं काय दुखतंय?" कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदयाच्या वाहिन्या तपासतात त्या खोलीत काम करते मी, टेबलावर आडवी झालेली कितीतरी माणसं हेच बोलताना ऐकलीत. तेव्हा जरा आपल्या डाळिंबाच्या ठिबकच्या हिशेबानेच सांगते.

विहिरीवर मोटार, मग मेन लाइन, सबमेन, ओळीतली बारीक नळी म्हणजे लॅटरल आणि झाडाच्या बुंध्याशी ड्रिपर. शरीरातली मांडणी अशीच आहे. हृदयातून निघते ती महाधमनी अंगठ्याएवढी जाड. तिच्या फांद्या बारीक होत होत शेवटी केशवाहिन्या होतात. त्या इतक्या अरुंद की रक्तातल्या तांबड्या पेशींना एकामागे एक रांगेनेच जावं लागतं. त्यांची भिंत एका पेशीच्या जाडीची, म्हणून प्राणवायू तिथून झिरपतो. आणि छातीला कान लावला की ऐकू येते ती धकधक स्नायूची नसते, झडपा मिटल्याची असते. मोटार बंद केल्यावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह खाडकन बसतो ना, तसं.

पण एका बाबतीत ठिबकचा दाखला लागू पडत नाही. आपलं पाणी गेलं की गेलं, रक्त परत येतं. हे कळायला माणसाला फार काळ लागला. युरोपात शेकडो वर्षं वैद्य समजत होते की यकृत अन्नापासून नवं रक्त करतं आणि अवयव ते पिऊन टाकतात. १६२८ साली विल्यम हार्वे नावाच्या इंग्रज डॉक्टरने तुम्ही विहिरीचा मांडता तसा साधा हिशेब मांडला. आजच्या आकड्यांत सांगायचं तर एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर, मिनिटाला ७० ठोके, म्हणजे जवळजवळ पाच लिटर. अंगात एकूण रक्तच तेवढं! दिवसाला ७,००० लिटर होतात. उन्हाळ्यात आपण दहा हजारांचा टँकर मागवतो, तो पाऊण भरत येईल. दोन भाकऱ्यांतून एवढं रक्त रोज कुठून तयार होणार? हार्वेने धरलेले आकडे याहून पुष्कळ लहान होते, तरी हिशेब बसेना. म्हणजे तेच रक्त फिरत असणार. मात्र धमन्यांतलं रक्त शिरांत कुठून शिरतं, ते त्याला बघायला मिळालं नाही. १६५७ साली तो वारला आणि चारच वर्षांनी इटलीत माल्पिगी नावाच्या डॉक्टरने बेडकाच्या फुप्फुसात, सूक्ष्मदर्शकाखाली, केशवाहिन्या पाहिल्या. मला ही चार वर्षं उगाच हळहळ लावतात.

हार्वेचा एक प्रयोग तुम्हाला ओसरीवर बसूनही करता येईल. कोपराखाली उठून दिसणारी एखादी शीर एका बोटाने दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने तिथून वर, कोपराकडे निपटत न्या. वाटेत झडप लागली असेल तर वरचं बोट उचललं तरी शीर रिकामीच राहते. खालचं बोट काढलं की भरते. शिरांत अशा झडपा असतात आणि त्या फक्त हृदयाकडे उघडतात.

आई, हे तुझ्या पायांचं आहे. तळपायापासून छातीपर्यंत रक्त चढवायचं तर खाली दुसरी मोटार नाही. पोटरीचा स्नायू आवळला की शिरा पिळल्या जातात, झडपा रक्त मागे पडू देत नाहीत, असं ते वर सरकतं. चालताना हे आपोआप होतं. ओट्यापाशी तास-तास ताटकळलीस की पोटरी स्वस्थ आणि रक्त खाली साचतं. तुझ्या त्या निळ्या गाठाळ शिरा म्हणजे ढिल्या पडलेल्या झडपा. तरी सूज नुसती यामुळेच आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही, कारणं बरीच असतात. अण्णांना दवाखान्यात नेशील तेव्हा स्वतःचे पायही दाखव. आणि एकच पाय अचानक सुजला, दुखायला लागला, तर बाजारच्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी जायचं.

आता अण्णांचे १६० आणि १००. वरचा आकडा हृदय आवळतं तेव्हाचा, खालचा ते सैल पडतं तेव्हाचा. आकडे पाऱ्याच्या मिलिमीटरचे, म्हणून ते अंगाला लागत नाहीत. पाण्यात मोजू. १२० म्हणजे पाणी नळीत साधारण सव्वापाच फूट चढेल एवढा दाब. आईची उंची. १६० म्हणजे सात फूट, आपल्या दाराची चौकट. (स्टीफन हेल्स नावाच्या पाद्र्याने घोडीच्या धमनीला खरोखरच काचेची नळी जोडली होती. रक्त आठ फुटांवर चढलं. १७३३ साली त्याने हे छापलं. बिचारी घोडी.) तर तुमचं हृदय प्रत्येक ठोक्याला चौकटीपर्यंत उपसा करतंय, दिवसातून लाखभर वेळा.

आणि हृदयातून एवढं रक्त जातं तरी त्याला ते आतून पिता येत नाही. महाधमनीच्या तोंडाशीच दोन फांद्या फुटतात आणि हृदयावर परत येतात, त्याचं पोट त्यांच्यावर. हृदय आवळलं की त्यातल्या वाहिन्या चिरडतात, त्यामुळे डाव्या बाजूला बहुतेक रक्त पोचतं ते दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात. दाब चढा राहिला की भिंत जाड होते, तिला जास्त रक्त लागतं. पुरवणाऱ्या नळ्या मात्र त्याच, आणि चढ्या दाबाने त्याही आतून खराब होत जातात. मूत्रपिंडाच्या, डोळ्यांच्या, मेंदूच्या बारीक वाहिन्यांचंही तेच.

दुखत नाही म्हणता. मग लॅटरलला तरी कुठे दुखतं? दाब वाढला तर ती ओरडत नाही, एका रात्री जोड निसटतो आणि सकाळी सगळी ओळ चिखलात. म्हणून तर फिल्टरवरचं गेज बघितल्याशिवाय तुम्ही चहासुद्धा घेत नाही. स्वतःचं गेज वर्षातून एकदा, तेही मी भांडल्यावर.

मिठाचं वेगळं काय सांगू? खालच्या क्षारपड तुकड्याने काय केलं ते तुम्ही भोगलंय. अंगात मीठ जास्त झालं की ते पाणी धरून ठेवतं, नळ्या त्याच आणि पाणी जास्त. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत म्हणतात, म्हणजे एक चहाचा चमचा, तोही सगळ्या स्वयंपाकातला धरून. ठेचा बंद करा म्हणत नाही मी. त्यावर वरून मिठाची चिमूट कशाला?

गोळी मनाने सुरू करू नका, मनाने बंदही करू नका. सोमवारी धाकट्याबरोबर जाऊन दाब मोजून घ्या आणि वीस दिवसांनी सोडली होती हे डॉक्टरांना स्वतःच्या तोंडाने सांगा. रागावणार नाहीत, त्यांना सवय असते.

मी शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघते. दंडाला बांधायचं मशीन घेतलंय, वही पण आणते, फवारणीच्या वहीशेजारी खिळ्याला टांगू. आई, गेल्या वेळच्या स्टुलावर पाय लोंबकळतात म्हणालीस, म्हणून या खेपेला पाय टेकायला दांडी असलेलं बघितलंय. एसटीत चढवू देतील की नाही तेवढी काळजी आहे.

तुमची,
ताई