दरडप्रवण गावांची यादी आजच्या पावसावर बेतावी
(मदत व पुनर्वसन मंत्री, महाराष्ट्र राज्य यांना खुले पत्र)

मा. मंत्री महोदय,
सादर नमस्कार.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जणांचा शोध थांबवावा लागला. वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, कारण तिथे पूर्वी दरड कोसळलेली नव्हती, असे सरकारने विधिमंडळात सांगितले. हे पत्र त्या ‘पूर्वी’बद्दल आहे.

पूर्वीचा पाऊस आता राहिलेला नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड १९५८ मध्ये हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगरावर मोजायला सुरुवात झाली तेव्हा दशलक्षात सुमारे ३१५ भाग होता, आज ४२० च्या वर आहे. त्याने हवा तापते, आणि हवा एका अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. अरबी समुद्रही तापतो आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्येच दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. संस्था आपल्याच राज्यात आहे, तिला विचारायला दिल्लीला जावे लागत नाही.

२२ जुलै २०२१ आठवा. महाडच्या तळियेत ८० हून अधिक माणसे गेली, चिपळूण बुडाले. महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात सरासरीने वर्षभरातही एवढा पडत नाही. डोंगरावरची माती एवढे पाणी पोटात घेऊन कातळावरून सुटते, मग तिथे आधी दरड आली होती की नाही याला अर्थ उरत नाही. डोंगर पोखरणारे रस्ते आणि खाणी हे सगळे आणखी वाईट करतात, तेही थांबले पाहिजेत.

म्हणून मागणी अशी. सह्याद्रीतल्या प्रत्येक वाडीचा उतार आजच्या अतिवृष्टीचे आकडे धरून नव्याने तपासा. अनेक गावांच्या महसूल मंडळाला एक पर्जन्यमापक पुरत नाही; घाटमाथ्याचा पाऊस त्यात दिसत नाही, वाड्यांच्या वर यंत्रे बसवा. किती पाऊस झाला की वाडी खाली करायची, तो आकडा आधी ठरवा आणि पोलीस पाटलाच्या हाती द्या. आणि लोकांना हलवाल तेव्हा त्यांच्या शेतापासून, रानापासून तोडून नका हलवू, नाहीतर ती माणसे पुन्हा डोंगरावरच जातील. दरडप्रवण गावांची ही नवी यादी येत्या पावसाळ्याआधी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी.

आपला,
रायगड जिल्ह्यातील एक रहिवासी