आई-बाबा, मी होकार देऊन टाकलाय

प्रिय आई आणि बाबा,

हे ताईच्या व्हॉट्सअॅपवर पाठवतेय. ताई, तू मोठ्याने वाचून दाखवू नकोस, प्रिंट काढून दे, अक्षर मोठं ठेवलंय आईच्या चष्म्यासाठी, आणि बाबांचा चहा झाल्याशिवाय हातात देऊ नकोस. फोनवर सांगायचं मी तीनदा ठरवलं. रविवारी तर "बाबा, एक सांगायचं होतं" इथपर्यंत आले होते, पण तुम्ही लगेच "पैसे लागतायत का गं" विचारलंत आणि मला पुढे बोलवेना.

मी नोकरी सोडली. ऐरोलीच्या ऑफिसमधला परवाचा शुक्रवार माझा शेवटचा. 1 जूनपासून पनवेलच्या पुढे एक खासगी निवासी शाळा आहे, तिथे रग्बीचा सगळा प्रोग्रॅम सांभाळायला जातेय, हेड म्हणून. राहायचं पण तिथेच, स्टाफ क्वार्टरमध्ये, कारण सकाळी सहाला मुलं ग्राउंडवर असतात आणि ठाण्याहून रोज ते जमणार नाही. सही झालीये. तुम्हाला विचारून नाही, करून मग सांगतेय, आणि मला सगळ्यात जास्त तेच लागलंय.

नोटीस पिरियड दोन महिन्यांचा होता. ते दोन महिने आई तू रोज साडेपाचला उठून डबा केलास, नाशिकला जायच्या आठवड्यात तर भरली वांगी दिलीस, आणि मी तो डबा घेऊन उतरताना रोज दुसऱ्या मजल्यावर थांबायचे, वाटायचं आत्ताच वर जावं आणि सांगून मोकळं व्हावं. पाय वळायचे नाहीत. तुझी बीपीची गोळी नुकती बदलली होती, पंधरा दिवस जाऊ देत, स्थिर होऊ दे, मग बोलू, असं करता करता तुम्ही ताईकडे नाशिकला निघालात पण. माफ करा मला. परत असं नाही करणार.

आता तुम्ही म्हणाल चांगली नोकरी होती. होतीच. अकरा वर्षं केली, तिच्यावर घराचं कर्ज फिटलं, मी त्या ऑफिसला कधी नावं ठेवणार नाही. पण गेली आठ वर्षं शनिवार-रविवार मी मुलांना शिकवतेय हे तुम्हाला माहितीये, आई तू विचारायचीस ना माझ्या रजा जातात कुठे, त्या सगळ्या कोचिंगच्या लेव्हल वन आणि लेव्हल टूला गेल्या, फर्स्ट एडच्या कोर्सला गेल्या. या शाळेत मला नुसतं शिट्टी वाजवायला बोलावलेलं नाहीये. सहावी ते बारावी, मुलं आणि मुली दोन्ही, कोणत्या वयाला काय शिकवायचं, हाताखालचे कोच कोण घ्यायचे, मॅचेस कुणाशी लावायच्या, कुणाला दुखापत झाली तर कधी परत उतरवायचं, हे सगळं माझ्या शब्दावर चालणार. असं काम आपल्याकडे किती जणांना मिळतं? मला मिळालं आणि मी नाही म्हटलं असतं तर पुढची वीस वर्षं ऐरोलीच्या कँटीनमध्ये बसून तेच आठवत राहिले असते.

पण खरं कारण हे पण नाही. बाबा, आठवतंय, 2025 च्या जूनमध्ये मी तुम्हाला अंधेरीला घेऊन गेले होते, रग्बी प्रीमियर लीगला, लीगचं पहिलंच वर्ष होतं. सेव्हन्सच्या मॅचेस, सात-सात जणांच्या. तुम्ही अर्धा तास एक शब्द बोलला नाहीत, मला वाटलं कंटाळलात. मग एका पोराने पळणाऱ्याला बाजूने धरायला झेप घेतली आणि तुम्ही पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरून म्हणालात, "डोकं पुढून घातलं त्याने. मान जाईल अशाने. डोकं मागे पाहिजे." बाबा, तुम्हाला हे कोणी सांगितलेलं नव्हतं. आमच्या टॅकलच्या, म्हणजे पळणाऱ्याला धरून पाडायच्या, पहिल्या धड्यात हेच असतं, समोरचा पळतोय त्याच्या मागच्या बाजूला डोकं, गाल त्याला चिकटलेला, दोन्ही हातांची मिठी, आणि पाय शेवटपर्यंत चालते. तुमची कबड्डीतली मांडीची पकड आहे ती. मला हॉलमध्ये शिकवलेली.

दिवाळीच्या साफसफाईत गाद्या उन्हात टाकून परत आणल्या की तुम्ही त्या हॉलमध्ये अंथरायचात, मी सात वर्षांची असेन, आणि मला पडायला शिकवायचात. हात पुढे टेकवायचा नाही मनू, हनुवटी छातीला, खांद्यावरून गोल जायचं. आई स्वयंपाकघरातून ओरडायची की चकलीचं पीठ भिजवलंय, धूळ उडवू नका. आज मी बारा वर्षांच्या मुलींना तुमच्याच शब्दात सांगते, हनुवटी छातीला.

आणि त्या रात्री अंधेरीहून परत येताना ठाण्याला जिना चढताना तुम्ही प्रत्येक मजल्यावर थांबलात. मी मागे होते. मला एकच डोक्यात, की त्या कबड्डीच्या फायनलला तुमचा गुडघा गेला तेव्हा पटांगणावर एक जरी माणूस असता जो म्हणाला असता की हा आता उतरणार नाही, तर. तुमचा संघ सांभाळणाऱ्या अण्णांचं काही चुकलं नाही, त्यांना तेवढंच ठाऊक होतं, सगळीकडे तसंच करायचे, हळदीचा लेप आणि क्रेप बँडेज आणि चौथ्या दिवशी परत मैदानात. तुम्ही कधी त्यांच्याबद्दल वाकडं बोलला नाहीत. पण मला तो माणूस व्हायचंय, बाबा, जो नाही म्हणतो. पालक चिडले, प्रिन्सिपल चिडले, समोर फायनल असली तरी नाही म्हणतो.

आई, आता तुझ्यासाठी लिहिते, कारण तू हे वाचताना माझ्या रग्बीत मोडलेल्या कॉलर बोनचाच विचार करत असशील. 2015 ला मी घणसोली स्टेशनच्या जिन्यावरून पडले म्हणून सांगितलं होतं आणि तू सहा आठवडे माझी वेणी घातलीस आणि एकदाही उलट विचारलं नाहीस. तुला माहीत होतं हे ताईने नंतर सांगितलं. म्हणून नीट वाच. लहान मुलांना आम्ही आधी टॅकल करूच देत नाही, कमरेच्या पट्ट्याला दोन रिबिनी लावायच्या, रिबीन ओढली की पकडलं असं धरायचं, त्याला टॅग रग्बी म्हणतात. मग पुढे गुडघ्यावर बसून टॅकल शिकवायचा, मग चालत, मग पळत. माउथगार्डशिवाय कोणी आत येणार नाही. खांद्याच्या वर टॅकल तर चालतच नाही, पण इंग्लंडमध्ये 2023 पासून शाळा-क्लबच्या खेळात तो आणखी खाली आणलाय, छातीच्या हाडाच्या खाली, मी पण तोच नियम लावणार. डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी मूल त्याच क्षणी बाहेर, आणि मॅच खेळायला कमीत कमी 21 दिवस नाही, तेही डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. हे मी जॉइन व्हायच्या आधी शाळेकडून लिहून घेतलंय.

आणि एक वॉर्म-अप आहे, वीसेक मिनिटांचा, तोल सांभाळायचे, उड्या मारून नीट टेकायचे, मानेचे व्यायाम. इंग्लंडमधल्या 40 खासगी शाळांमध्ये तीन हजारांवर मुलांवर त्याचा अभ्यास झाला, आणि जिथे तो आठवड्यातून तीनदा नेमाने केला तिथे दुखापती 72 टक्क्यांनी कमी झाल्या, डोक्याच्या 59 टक्क्यांनी. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा ऑफिसच्या बसमध्ये होते, दिघ्याच्या आसपास, आणि मला रडू यायला लागलं, शेजारची विचारायला लागली काय झालं. तीनदा वीस मिनिटं, आई. एवढ्यावर किती गुडघे वाचतात. तर तो वॉर्म-अप चुकवला त्या दिवशी बॉलला हात नाही, हा माझा पहिला नियम.

बाबा, "हा साहेबांचा खेळ" असं तुम्ही दोनदा म्हणालायत. साहेबांचाच आहे, त्यांच्या एका शाळेच्या नावावरूनच नाव पडलंय. पण तुमच्या नाण्यांच्या डब्यात राणीचे चांदीचे रुपये आहेत ना, तसे 270 रुपये वितळवून 1878 मध्ये कलकत्त्याला एक कप बनवला होता, तिथला क्लब बंद पडला तेव्हा खात्यात उरलेल्या पैशांचा. मुठींना नाग, झाकणावर हत्ती. आजही इंग्लंड आणि स्कॉटलंड त्याच कपासाठी खेळतात. आणि आपल्या मुली, ओडिशातल्या, बंगालमधल्या, त्यांनी 2018 ला पहिल्यांदा पंधरा जणींचा आंतरराष्ट्रीय सामना खेळला आणि जून 2019 ला मनिलाला सिंगापूरला 21-19 ने हरवलं, पहिलाच विजय. मी त्या टीममध्ये नव्हते, माझं वय आणि खांदा दोन्ही तोवर गेलं होतं. पण त्यातल्या कितीतरी जणी आधी कबड्डीच्या, नाहीतर पळणाऱ्या. तुमच्या खेळातून इकडे आलेल्या, बाबा.

तुम्हाला अजून एक खटकणार ते पण सांगते, की एवढी फी भरणाऱ्यांच्या मुलांसाठी तू घर सोडलंस. मी शाळेला अट घातलीये, शनिवारी दुपारी ग्राउंड आजूबाजूच्या गावांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमधल्या मुलींना उघडं ठेवायचं, त्यांना टॅग रग्बी मी स्वतः शिकवणार, बूट आणि पट्टे शाळेचे. ती मान्य झाल्यावरच सही केली. बाबांची मुलगी आहे, तेवढं धरा.

पैशाचं. पगार कमी आहे, खोटं नाही सांगत, पण राहणं-जेवण शाळेचं आहे त्यामुळे हातात उरतात तेवढेच. पीएफला हात लावलेला नाही. मेडिक्लेमची काळजी तुम्हाला असेलच, ते ऑफिसचं होतं, पण मी आधीच त्याच कंपनीच्या पॉलिसीत तुम्हा दोघांना वर्ग करून घेतलंय, आधीची वर्षं धरलीयेत, बीपी आणि साखर दोन्ही लिहून दिलंय, काही लपवलेलं नाही. कार्डं फ्रिजवर मॅग्नेटखाली लावलीत. आणि खोली छान आहे माझी, खिडकीतून डोंगर दिसतो, गीझर आहे, मेसमध्ये सकाळी पोहे-उपमा असतो, रात्री भाजी-पोळी, भात जरा मोकळा करतात पण गरम असतो. मी उपाशी राहणार नाही. एक छोटी शेगडी घेऊन जातेय, मेतकूट-भात करेन वाटलं तर.

आता ऐका, आणि हे सगळं करायचंच आहे. सिलेंडरचं बुकिंग माझ्या मोबाईलवरूनच होत राहील, आई तू रिकामा ओढत दारापर्यंत आणायचा नाही, तो माणूस आत येऊन लावून देईल, सांगून ठेवलंय. गोळ्यांचा डबा मी दोन आठवड्यांचा भरून ठेवलाय, सकाळचा पिवळा, रात्रीचा निळा, तुझ्या मनाने अर्धी गोळी करायची नाही. बीपी मंगळवारी आणि शनिवारी मोजून फोटो पाठवायचा. लोणच्याच्या कैऱ्या यंदा फोडून आण, घरी अडकित्ता घेऊन बसू नकोस. पाऊस सुरू झाला की कोपिनेश्वरला संध्याकाळी जायचं तर रिक्षाने, तलावपाळीच्या कडेने नाही, तिथे शेवाळ्यावरून घसरायला होतं. बाबा, तुम्ही पेपर आणायला तीन मजले उतरायचे बंद, पेपरवाल्याला वर टाकायला सांगितलंय, महिन्याचे वीस रुपये जास्त द्यायचे, त्यावरून त्याच्याशी वाद घालू नका. आणि गुडघ्याच्या डॉक्टरांची ऑक्टोबरची तारीख घेतलीये. मी सुट्टी टाकलीये. "बघू" म्हणायचं नाही. तुम्हाला ऑपरेशन नकोच असेल तर तिथे जाऊन त्यांच्यासमोर सांगा, मी ऐकेन, पण जायचं.

मी दूर गेलेय असं नका धरू. ठाण्याहून पनवेलची थेट गाडी आहे, दर दुसऱ्या रविवारी मी घरी, रात्री राहून सोमवारी पहाटे निघेन. माझी खोली तशीच ठेव आई, फक्त गादी गुंडाळून ठेव म्हणजे ओल धरणार नाही. रात्री घर रिकामं वाटेल पहिले काही दिवस, मला माहितीये, मलाही वाटेल, मी साडेनऊला फोन करेन. तेव्हा टीव्हीचा आवाज कमी करा.

राग आला असेल तर दोन दिवस फोन नका करू, चालेल. तिसऱ्या दिवशी मी करेन.

जुलैत पाऊस लागला की ग्राउंड मऊ होतं, मुंबईत रग्बी तेव्हाच खेळायची, तेव्हाच मोठ्या मुलांना पडायला शिकवणार आहे. बाबा, तुम्ही एका शनिवारी या. दोघेही या. मला बाजूने करायची पकड दाखवायला कोणीतरी पाहिजे, तुम्हाला वाकायला नको, खुर्ची टाकून देते बाउंड्रीला, तुम्ही नुसतं बघून सांगा कुणाचं डोकं कुठे जातंय. नीकॅप घालून या, आणि स्टेशनवर जरा लवकर येऊन फलाट विचारून घ्या, ऐनवेळी बदलतात आणि मग तुम्ही पुलावरून घाई करता. आई, येताना मेतकूट आण.

तुमची,
मनू